हिज्कीयाचे पत्र: जे आपल्या हातात नाही ते देवापुढे ठेवण्याची रीत

देव सार्वभौम आहे, हे मंडळीत कुणी नाकारत नाही. अडचण सोमवारी येते. रिपोर्ट यायचा असतो, मुलाच्या व्हिसाचा निकाल लागायचा असतो, भावाभावांत जमिनीवरून बोलणे बंद असते; आणि रविवारी ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हटलेला माणूस रात्री दोनला उठून फोन बघतो. सकाळच्या प्रार्थनेत तो देवाला काय करायचे, कधीपर्यंत करायचे आणि कुणाच्या हातून करवून घ्यायचे याची यादीच वाचून दाखवतो. त्याच्यापाशी विश्वास नसतो असे नाही. विश्वास ठेवायचा म्हणजे बसून नेमके काय करायचे, एवढे त्याला कुणी सांगितलेले नसते.

पवित्र शास्त्रात याचा एक नमुना इतक्या बारकाईने दिला आहे की त्यावरून रीत बसवता येते. २ राजे, अध्याय १८ ते २० आधी एका बैठकीत वाचून घ्या. अर्धा तास पुरतो. काळ इ. स. पू. ७०१. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदात घुसला आहे, तटबंदीची गावे एकामागून एक पडत आहेत. त्याच्या स्वतःच्या कोरीव लेखात ४६ गावे घेतल्याचा आणि हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे कोंडल्याचा दावा आहे. हिज्कीया म्हणजे यहूदाचा राजा. तो या संकटात तीन गोष्टी करतो आणि तिन्ही ओळखीच्या वाटतात. आधी तो पैसे देऊन सुटका करून घेऊ पाहतो: ३०० किक्कार (वजनाचे जुने माप) रुपे, ३० किक्कार सोने, त्यासाठी मंदिराच्या दारांवरचे सोनेही खरवडतो (१८:१४-१६). सन्हेरीब पैसे घेतो आणि सैन्यही पाठवतो. दुसरी गोष्ट पाण्याची. गीहोन झऱ्याचे पाणी खडकातून बोगदा खणून शहरात आणलेले आहे. हा बोगदा आजही यरुशलेमात आहे, लांबी सुमारे ५३३ मीटर. दोन्ही टोकांकडून खणत आलेल्या तुकड्या मधे कशा भेटल्या ते सांगणारा लेख त्याच्या भिंतीवर १८८० मध्ये सापडला. तिसरी गोष्ट म्हणजे धमकीचे पत्र हाती आल्यावर तो ते वाचतो, मंदिरात जातो आणि परमेश्वरासमोर पसरून ठेवतो (१९:१४).

आता यशया २२:११ उघडा. संदेष्टा यरुशलेमकरांना फटकारतो: दोन तटांच्या मधे तुम्ही पाण्याचा साठा केलात, पण ज्याने हे सर्व घडवले त्याच्याकडे पाहिले नाही. पाणी साठवणे चूक होते असे तो कुठेही म्हणत नाही. हीच सगळ्या प्रकरणाची मेख आहे. देवावर सोपवणे म्हणजे कामे कमी करणे नव्हे. बोगदा खणायचाच असतो. फक्त तारण बोगद्यात आहे असे मानायचे नसते. पुढची सारी रीत या एका फरकावर उभी आहे.

तयारी

एक फुलस्केप कागद, पेन, ज्या गोष्टीचा घोर लागला आहे तिचा खरा कागद (रिपोर्ट, नोटीस, निकालपत्र, बँकेचे पत्र, काहीच नसेल तर त्या माणसाचा शेवटचा मेसेज हाताने उतरवून) आणि चाळीस मिनिटे. फोन दुसऱ्या खोलीत. वेळ शक्यतो सकाळची ठेवा. रात्री दहानंतर हा कागद भरायला बसू नका, दमलेल्या डोक्याला प्रत्येक संकट दुप्पट दिसते.

एका बैठकीला एकच विषय. ‘माझे सगळे आयुष्य’ हा विषय होत नाही. ‘आईच्या गाठीचा रिपोर्ट’ हा होतो.

आधी गप्प राहा

सन्हेरीबाचा अधिकारी रब्शाके तटाखाली उभा राहून ओरडत होता तेव्हा राजाची आज्ञा होती की त्याला उत्तर देऊ नका (१८:३६). लोक एक शब्द बोलले नाहीत. वाईट बातमी आल्यापासून कागद भरून होईपर्यंत हीच शिस्त पाळा: नातेवाइकांच्या ग्रुपवर काही टाकायचे नाही, समोरच्याला तिखट उत्तर पाठवायचे नाही, कुणाला धमकावायचे नाही, राजीनामा लिहायचा नाही. तातडीचे उपचार किंवा कायद्याने ठरलेली मुदत असेल तर अर्थात ते आधी. बाकी जवळपास सगळे एक दिवस थांबू शकते. नियंत्रणाची ओढ पहिल्या तासात सर्वात जोरात असते आणि निस्तरायला लागणारे बहुतेक घोळ त्याच तासातले असतात.

धमकी तिच्याच शब्दांत लिहा

हिज्कीयाने पत्र आधी वाचले, मग पसरले. न वाचता पसरले नाही. कागदाच्या वरच्या चौथ्या भागात भीती जशी आहे तशी, चार-पाच ओळींत लिहा. ‘सर्व काही ठीक होवो’ असे गुळगुळीत लिहू नका. ‘गाठ कर्करोगाची निघेल. आई जाईल. बाबा एकटे पडतील आणि मला नोकरी सोडून गावी यावे लागेल’ असे लिहा. शेवटच्या ओळीकडे नीट पाहा, कारण पुष्कळदा खरी भीती तिथेच असते. आईच्या जिवासाठी म्हणून चाललेल्या प्रार्थनेत स्वतःची घडी विस्कटू नये ही विनवणी लपलेली असते. त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण ती कागदावर यायला हवी. लपवलेली गोष्ट सोपवता येत नाही.

तीन रकाने

उरलेल्या कागदाचे घड्या घालून तीन उभे भाग करा. पहिल्या रकान्यावर ‘माझे’, दुसऱ्यावर ‘त्यांचे’, तिसऱ्यावर ‘देवाचे’.

पहिल्यात फक्त अशी कामे येतात जी तुम्ही स्वतः, कुणाच्या होकाराशिवाय, येत्या तीन दिवसांत करू शकता. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे फाइलला लावणे, विम्याची कागदपत्रे काढणे, दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेणे, बाबांना सोमवारी फोन करणे. दुसऱ्यात दुसऱ्या माणसांनी करायच्या गोष्टी: डॉक्टरांचे निदान, भावाने रजा घेणे, आईने उपचाराला हो म्हणणे. तिसऱ्यात ज्या कुणाच्याच हातात नाहीत: पेशी कशा वागतात, किती वर्षे उरली, आणि यातून देव काय घडवू पाहतो.

गल्लत नेहमी पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यात होते. ‘आईचे मन वळवणे’ ही ओळ लोक हमखास पहिल्यात लिहितात. ती दुसऱ्यातली आहे. पहिल्यात बसणारी ओळ ‘आईशी रविवारी जेवणानंतर अर्धा तास बोलणे’ एवढीच. शंका आली की असे विचारा: समोरच्याने नाही म्हटले तरी हे काम माझ्याकडून पुरे झाले असे म्हणता येईल का? येत असेल तर पहिला रकाना, नाहीतर दुसरा.

आईवडिलांचे कागद इथे सर्वात जास्त अडतात. सत्तावीस वर्षांच्या मुलीचे लग्न, तिची नोकरी, ती रविवारी उपासनेला जाते की नाही, हे सगळे पहिल्या रकान्यात कोंबलेले असते. त्यातले बहुतेक उचलून दुसऱ्यात न्यावे लागते, आणि ते नेताना हात जड होतो. अब्राम आणि साराय यांचे उदाहरण समोर ठेवा. मूल देण्याचे वचन देवाचे होते, तिसऱ्या रकान्यातले. दहा वर्षे वाट पाहून त्यांनी ते पहिल्यात ओढले आणि मूल व्हावे म्हणून दासी हागारेला मधे आणले. इश्माएल झाला तेव्हा अब्राम ८६ वर्षांचा होता. इसहाक झाला तेव्हा १००. देवाने आपले वचन मोडले नाही, पण मधल्या काळात त्या घरात जे सोसावे लागले ते सर्वात जास्त हागारेला आणि तिच्या मुलाला. घाईने ओढलेल्या गोष्टीची किंमत बहुतेक वेळा घरातला सर्वात दुबळा माणूस मोजतो.

प्रार्थना: चार भाग, याच क्रमाने

हिज्कीयाची प्रार्थना पाच वचनांची आहे (१९:१५-१९). मोठ्याने वाचली तर एका मिनिटाच्या आसपास. तिची बांधणी घ्या.

पहिल्या भागात देव कोण आहे ते. पृथ्वीवरच्या सर्व राज्यांचा तूच एक देव, आकाश व पृथ्वी तू केलीस. त्याच्या डोक्यावर तलवार आहे तरी सुरुवात मागण्यापासून नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकरीच्या आधी देवाचे नाव, राज्य आणि इच्छा येते. दुसऱ्यात पाहा आणि ऐका अशी साधी विनवणी. कागदावर बोट ठेवून वरच्या चार ओळी मोठ्याने वाचा. तिसऱ्या भागाला लोक वगळतात. हिज्कीया कबूल करतो की हे खरे आहे, अश्शूरच्या राजांनी राष्ट्रे उद्ध्वस्त केली आहेत. विश्वास म्हणजे वस्तुस्थिती नाकारणे, अशी एक समजूत काही ठिकाणी शिकवली जाते. रिपोर्टमधला शब्द तोंडाने उच्चारायचा नाही, उच्चारला तर तो ‘लागू होतो’ म्हणे. हिज्कीयाने तसे केले नाही. तुम्हीही आजाराचे नाव घ्या. चौथ्यात उघड मागणी: आम्हांला सोडव. आणि तिचे कारण, की तूच देव आहेस हे सर्वांना कळावे.

मागायला भिऊ नका. ‘देवाची इच्छा’ म्हणून मागणेच टाळणारे पुष्कळ असतात; नकार मिळाला तर दुखू नये म्हणून केलेली ती तजवीज असते. गेथशेमानेत येशूने प्याला दूर करण्याची विनंती आधी स्पष्ट शब्दांत केली आणि मग स्वतःची इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेवली. मत्तयाने तीच प्रार्थना तीनदा केल्याचे नोंदवले आहे. पौलानेही अंगातला काटा जावा म्हणून तीनदा विनवले. तेव्हा तीनदा मागणे हे अविश्वासाचे लक्षण नाही.

सोपवण्याचे वाक्य तिसऱ्या रकान्यातली प्रत्येक ओळ घेऊन म्हणा, एकगठ्ठा नको. ‘प्रभू, ही गाठ कसली आहे ते तुला ठाऊक आहे. ती नसावी असे मी मागतो. आईच्या आयुष्याचे दिवस तुझ्या हातात आहेत, माझ्या नाहीत.’ दुसऱ्या रकान्यातल्या माणसांची नावे घेऊन त्यांच्यासाठी आशीर्वाद मागा. त्यांना सरळ करण्याची मागणी नको. भावाने रजा घ्यावी असे वाटत असेल तर ते भावाला सांगा. देवाला सांगून त्याच्यामागे लावू नका.

नंतर कागद घडी करून शास्त्रात २ राजे १९ पाशी ठेवा आणि पहिल्या रकान्यातले एक काम त्याच दिवशी करून टाका. हे महत्त्वाचे आहे. उठून लगेच काही केले नाही तर तासाभरात मन पुन्हा तिसऱ्या रकान्यात जाऊन बसते.

रोजची देखभाल

एकदा सोपवले म्हणजे कायमचे सुटले, असे होत नाही. रानात देवाने इस्राएलाला दिलेला मान्ना रोज गोळा करावा लागे, माणशी एक ओमर म्हणजे साधारण दोन लिटरचे माप. सकाळपर्यंत उरवून ठेवला की त्यात किडे पडत. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती (निर्गम १६). रोज सकाळी दहा मिनिटे कागद उघडा: झालेले काम खोडा, आजचे एकच काम ठरवा, तिसरा रकाना पुन्हा वाचून सोपवा. उद्याच्या कामाचा विचार आला तर तो पहिल्या रकान्यात तारीख घालून लिहा आणि आज सोडा.

माहिती शोधण्याला वेळ बांधून घ्या. आजाराबद्दल वाचायचे तर दिवसातून एकदा, वीस मिनिटे, प्रश्न कागदावर लिहून. निकालाचे संकेतस्थळ दिवसातून दोनदा. त्यापलीकडचे वाचणे माहितीसाठी नसते. बघत राहिलो तर काही आपल्या ताब्यात राहील, या भ्रमासाठी असते.

रात्री जाग आली तर नवी लांबलचक प्रार्थना सुरू करू नका. स्तोत्र १३१ पाठ करून ठेवा. तीनच वचने आहेत, आणि आपल्या आवाक्याबाहेरच्या गोष्टींत मी पडत नाही असे ती सांगतात. दोनदा म्हणून झोप येत नसेल तर दिवा लावून जे छळते आहे ते एका ओळीत लिहा आणि सकाळच्या बैठकीसाठी ठेवा.

कुठे बिघडते

सौदा. ‘हे झाले तर मी अमुक करीन’ ही भाषा आपल्या मातीतल्या नवसाची आहे आणि बाप्तिस्म्यानंतरही ती जिभेवर राहते. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाची घरे, बाळे, हात-पाय विकायला असतात. ते वाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात सौदाच असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल, कृतज्ञतेनेही कुणी वाहते. प्रॉटेस्टंट मंडळींनी हसायचेही कारण नाही. काम झाल्यास दशांश वाढवीन हा तोच व्यवहार आहे. ओळखायची खूण अशी: देवाने नकार दिला तर तुम्ही द्यायचे ठरवलेले परत घेणार असाल, तर तो सौदा. द्यायचे असेल ते निकालाच्या आधी देऊन मोकळे व्हा.

वचनाची चिठ्ठी. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचे वचन निघते, ते भिंतीवर लागते, आणि मार्चपर्यंत त्याचे भविष्य झालेले असते. डोळे मिटून शास्त्र उघडून बोट ठेवणे हाही त्यातलाच प्रकार. निघालेले वचन संपूर्ण अध्यायासकट वाचा. ते कुणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले होते हे कळले की निम्मे ‘संकेत’ आपोआप गळतात. देवाची खूण मागण्यासाठी गिदोनाने टाकलेली लोकर पुष्कळांना आठवते, पण देवाने त्याला काय करायचे ते लोकर टाकण्याच्या आधीच सांगितले होते.

हात बांधून बसणे. ‘देव बघून घेईल’ म्हणून गोळ्या बंद करणारा माणूस विश्वासू नाही, तो पहिला रकाना कोरा ठेवणारा आहे. हिज्कीया मरणाला टेकला तेव्हा देवाने त्याला १५ वर्षे वाढवून देण्याचे वचन दिले, आणि तरीही यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला (२०:५-७). वचनही आणि लेपही. चिंतेने झोप, भूक, कामधंदा आठवडेच्या आठवडे बिघडला असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घेणे हे पहिल्या रकान्यातले काम आहे, आणि ते पाळकांच्या भेटीच्या खालोखाल नाही, बरोबरीचे आहे.

देवाचे नाव वापरून दुसऱ्याला धरून ठेवणे. ‘देवाने मला सांगितले की तू हे लग्न करू नयेस’ या वाक्यापुढे समोरच्याला बोलताच येत नाही, म्हणूनच ते वापरले जाते. आणि नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘ही देवाची इच्छा आहे, सहन कर’ असे सांगणे हा सार्वभौमत्वाचा उपदेश नाही. योसेफाने आपल्याला विकून टाकणाऱ्या भावांना क्षमा केली, तुम्ही वाईट योजले पण देवाने त्यातून चांगले केले असे म्हटले (उत्पत्ती ५०:२०), पण त्यांनी केलेल्याला वाईट म्हणायचे सोडले नाही. शिवाय हे वाक्य ज्याने सोसले तोच म्हणू शकतो. बाकीच्यांनी ते त्याच्या तोंडात घालू नये. अशा बाईच्या पहिल्या रकान्यात सुरक्षित घर आणि पोलीस येतात.

घाई. शौल राजाने गिलगालात संदेष्टा शमुवेलासाठी सात दिवस थांबायचे होते. सातवा दिवस आला, लोक पांगू लागले, आणि त्याने स्वतःच होमबली अर्पण केला. अर्पण संपते न संपते तोच शमुवेल पोचला (१ शमुवेल १३:८-१०). वाट पाहण्याचा शेवटचा तास सर्वात महागाचा असतो, म्हणून कागदावर आधीच लिहून ठेवा: अमुक तारखेपर्यंत मी तिसऱ्या रकान्यातल्या कशालाही हात लावणार नाही. आणि ती तारीख एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. हिज्कीयानेही पत्र घेऊन मंदिरात जाण्याच्या आधी यशयाकडे माणसे पाठवून प्रार्थनेची विनंती केली होती (१९:२-४). एक किंवा दोन माणसे पुरेत. सगळ्या मंडळीच्या ग्रुपवर टाकलेली प्रार्थना-विनंती दोन दिवसांत बातमी होते, आणि मग आपण प्रार्थना सोडून खुलासे देत बसतो.

उत्तर ‘नाही’ आले तर

हिज्कीयाचे यरुशलेम वाचले. प्रत्येकाचे वाचत नाही, आणि या अध्यायावरचे उपदेश इथेच बहुधा घाईने आटोपतात. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनचा भार पुढे मनोरमाबाई वाहतील अशी तयारी केली होती. मुलगी १९२१ मध्ये गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मधल्या महिन्यांत मूळ भाषांवरून चाललेले शास्त्राचे मराठी भाषांतर पुरे करण्याचे काम त्यांनी सोडले नाही. ते त्यांच्या पश्चात, १९२४ मध्ये छापून आले. वारसाची योजना मोडली, हातातले काम चालू राहिले. मुक्ती मिशन आजही केडगावला आहे.

नकाराच्या दिवशी तिसरा रकाना खोडू नका आणि ‘यात देवाचा काहीतरी चांगला हेतू असेल’ असे स्वतःला लगेच समजावूही नका. स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा आहे आणि तो प्रश्न देवालाच विचारला आहे. सहाच वचने आहेत. पाचव्या-सहाव्यापर्यंत आज पोचता आले नाही तर चौथ्यापाशी थांबा आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून वाचा. घरात कुणी गेले असेल तर निदान चाळीस दिवस नवा कागद भरायला घेऊ नका, मोठे निर्णय घेऊ नका. पहिल्या रकान्यात जेवण, झोप, रविवारची उपासना आणि मृत्यूच्या दाखल्यासारखी अडणारी कागदपत्रे एवढेच ठेवा. पाळकांना आठवड्यातून एकदा घरी यायला सांगा, आणि उपदेश नको असेल तर तसे आधीच स्पष्ट सांगा. ऐकून घेणारे पाळक रागवत नाहीत.